बाटली खाटेशी आली तेव्हा

हात स्वच्छ हवेत हे जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात सगळ्यांनाच ठाऊक होते. तरीही १९९४ मध्ये डॉ. दिदिए पिते यांच्या पथकाने पाहणी केली, तेव्हा गरजेच्या वेळांपैकी जेमतेम ४८ टक्के वेळा ते स्वच्छ केले जात होते.

आळस हे कारण नव्हते. बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुवायला मिनिटभर तरी जातो. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने तासाला वीसेकदा हेच केले, तर रुग्णाकडे पाहायचे कधी?

मग अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या थेट खाटेशी लागल्या. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. १९९४ ते १९९८ या काळात रुग्णालयात जडणारा संसर्गही १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरला.

श्रेय मुख्यतः परिचारिकांचे. डॉक्टरांचे प्रमाण मात्र फारसे हलले नाही.