परमुलखातला संसार आणि प्रकृती

परदेशी निघालेल्या मुलामुलींना प्रकृतीचा दाखला लागतो. त्यासाठी आईवडील त्यांना घेऊन दवाखान्यात येतात. छातीचा फोटो, रक्त-लघवी, लसींच्या नोंदी हे सगळे नीट होते आणि मंडळी खुशीत घरी जातात. पण तो दाखला निघण्याच्या दिवसापुरता असतो. खरी प्रकृती कळते ती तिकडे दहा-पंधरा वर्षे काढल्यावर, नोकरी, लग्न, मुले हे सारे झाल्यावर. त्यातून जाणारा खेळाडू असेल तर त्याच्या शरीराला दोन बदल एकदम सोसावे लागतात. मुलूख सुटतो आणि खेळही सुटतो. आज अशाच एका मराठी खेळाडूच्या निमित्ताने थोडे बोलू.

सुभाष गुप्ते हे नाव जुन्या वाचकांना सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत जन्मलेले गुप्ते हे लेगस्पिन गोलंदाज होते. ३६ कसोटींत त्यांनी १४९ बळी घेतले. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच डावात १०२ धावांत ९ बळी त्यांनी मिळवले. उरलेला एक वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला, नाहीतर दहाच्या दहा झाले असते. सर गारफिल्ड सोबर्स यांनी त्यांची गणना आपण पाहिलेल्या सर्वोत्तम लेगस्पिनरमध्ये केली आहे.

१९५३ साली भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. गुप्ते यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. याच दौऱ्यात त्रिनिदाद बेटावर त्यांची कॅरोल गोबर्धन यांच्याशी ओळख झाली आणि पुढे दोघांचे लग्न झाले. गोबर्धन म्हणजे आपला गोवर्धनच. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. पुढे १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे करारावर तिकडे गेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, आणि काम उसाच्या मळ्यांत. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून उचल घेऊन कोयत्यावर निघणाऱ्या टोळ्या दरवर्षी परत येतात. त्यांतले बहुतेक परत आले नाहीत, तिथलेच झाले. आज त्या देशात तिघांत एकाहून थोडे अधिक लोक हिंदी वंशाचे आहेत. त्यांच्या घरी डाळपुरी होते, आणि भाजलेल्या वांग्याचा जो 'बैंगन चोखा' होतो तो आपल्या भरिताचाच भाऊ.

गुप्ते काही वर्षे इंग्लंडात लँकेशायरमधल्या रिश्टनसारख्या लहान गावच्या क्लबांकडून पगारी खेळाडू म्हणूनही खेळले. आपल्याकडच्या अनेक मोठ्या खेळाडूंनी त्या काळी असे उन्हाळे काढले. विजय हजारेही त्यांत होते.

मग डिसेंबर १९६१. कानपूरला इंग्लंडचे पाच गडी बाद करून गुप्ते दिल्लीला आले. तिथे हॉटेलात त्यांच्या खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातील तरुणीला फोन केला, तिने तक्रार केली, आणि खोली एक म्हणून शिक्षा दोघांना झाली. १९६२ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजला निघाला, म्हणजे गुप्ते यांच्या सासुरवाडीलाच, पण त्यात गुप्ते नव्हते. भारताकडून ते पुन्हा खेळले नाहीत. वय होते ३२.

क्रिकेटचे जाणकार इथे हळहळून थांबतात. डॉक्टरला मात्र पुढचे पाहावेसे वाटते. बत्तिशीत हातचे काम गेलेला, मनाला लागलेला माणूस म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याच्या वळणावर उभा असलेला माणूस. दारू, निद्रानाश, रक्तदाब, उदासी हे सगळे त्याच वळणावर टपलेले असतात. गुप्ते बायकोच्या मुलखात गेले. तिथे त्रिनिदादच्या संघाकडून खेळले, साखर उद्योगात नोकरी केली, मुलगी-मुलगा वाढवले, आणि चाळीसएक वर्षे तिथलेच होऊन राहिले. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतीय संघ तेव्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरच होता.

आपल्याकडे अशा गृहस्थाला लोक 'घरजावई' म्हणून हसतील. मला विचाराल तर ती त्यांच्या प्रकृतीला लाभलेली मोठी गोष्ट होती. परक्या देशात उतरताच ज्याला सासू-सासरे, मेहुणे, शेजार आणि ओळखीचे जेवण मिळते, त्याचे निम्मे आजार दाराबाहेरच राहतात.

ही माझी मनची गोष्ट नाही. जपानमधून हवाई बेटांवर आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या कुटुंबांतल्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला आहे. वंश एकच, पण हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. सगळ्यांनी दोष खाण्याला दिला. मार्मट आणि साइम या संशोधकांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जपान्यांमध्येच गट पाडून पाहिले. ज्यांनी आपली माणसे, आपली मंडळे, आपला समाज धरून ठेवला होता त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी निघाला. ज्यांचे ते धागे सर्वांत जास्त तुटले होते त्यांच्यात तो तिप्पट ते पाचपट होता. तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सर्व हिशेबात धरूनही फरक उरलाच.

जाता जाता एक सांगतो. परमुलखात संसार मांडणे ही गोष्ट आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीने केलेली असते, फक्त आपण तिला 'सासरी गेली' म्हणतो. लग्नानंतर वर्षभरात डोकेदुखी, पित्त, पाळी पुढेमागे होणे, वजन उतरणे अशा तक्रारी घेऊन किती नवविवाहिता दवाखान्यात येतात! तपासण्यांत काही सापडत नाही. मंठ्याहून भोकरदनला जाण्यात जर एवढे होते, तर नवऱ्यामागे अमेरिकेत गेलेल्या मुलीचे काय होत असेल? नवऱ्याला निदान कचेरीतली माणसे असतात. ती दिवसभर बंद दारामागे, बर्फ पडत असलेला.

आता शरीराकडे येऊ. खेळ थांबल्यावर दोन-चार आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो, पण भूक आणि जेवणाची सवय तीच राहते. आपल्याकडच्या कबड्डीच्या मैदानावरची पोरे नोकरीला लागल्यावर पाच वर्षांनी पाहा, पोट आधी दिसते. पूर्वी खेळलो होतो, ते पुढे पुरेल हा समज खोटा आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांचा पॅफेनबार्गर यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. कॉलेजात खेळाडू असून पुढे बसून राहिलेल्यांना हृदयविकारापासून काही संरक्षण मिळाले नाही. कॉलेजात न खेळता पुढे नियमित हालचाल ठेवणाऱ्यांना ते मिळाले.

आपल्या लोकांना आणखी एक अडचण आहे. त्रिनिदादमध्येच पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात झालेल्या पाहणीत हिंदी वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार शेजारच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आढळले. हवा तीच, बाजार तोच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा उगम पाळण्यापर्यंत नेऊन दाखवला. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळे हडकुळी खरी, पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान तितकी चरबी कमी नव्हती. असे शरीर सुबत्तेच्या देशात गेले की लवकर साखर धरते. म्हणून आपल्यासाठी मापेही कडक आहेत. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या आत हवा. वजनाचा निर्देशांक, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३ च्या खाली हवा. तिकडचा डॉक्टर २५ पर्यंत ठीक म्हणाला तरी आपण ठीक म्हणू नये.

हल्लीच्या मुलांचा मार्ग वेगळा आहे. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर भारताच्या १९ वर्षांखालील संघातून २०१० चा विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत उच्च शिक्षणाला गेला. क्रिकेट संपले असेच तेव्हा वाटले असेल. तो संगणक अभियंता झाला आणि तिथे पुन्हा चेंडू हातात घेतला. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धचे सुपर षटक टाकून त्याने अमेरिकेला सामना जिंकून दिला. सगळ्यांना विश्वचषक खेळायचा नाही, पण तिकडच्या बहुतेक मोठ्या शहरांत आपल्या मुलांचे शनिवार-रविवारचे क्रिकेट चालते. त्यात व्यायाम होतो आणि माणसेही भेटतात. गोळ्यांच्या पाकिटात या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

पालकांनी फोनवर "जेवलास का?" हे जरूर विचारावे. त्याबरोबर "कोणाबरोबर जेवलास?" हेही विचारावे. सलग दोन आठवडे झोप नाही, बोलणे तुटक, कशात मन नाही असे वाटले तर त्याला तिथल्या डॉक्टरकडे पाठवा, "सवय होईल" म्हणून सोडू नका. मागे राहिलेल्या आईवडिलांचेही मन खचते. त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते.

निघण्यापूर्वी घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे आणि तो कोणत्या वयात झाला हे एका कागदावर लिहून मुलाजवळ द्या. तिकडचा डॉक्टर पहिल्याच भेटीत हे विचारतो आणि आपल्या मुलांना आजोबा कशाने गेले ते माहीत नसते. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल तर तिशीतही दरवर्षी तपासावी. थंड मुलखात ऊन कमी मिळते, तिथे ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः सुनेची, दिवस राहण्याआधी. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. कंपनीचे नाव तिकडे चालत नाही, आणि मोठी पेटी कधीकधी मुंबईतच राहते.