नगरसेवक नसलेली चार वर्षे

आर्थिक विषमता कितीही वाढली तरी मताचे वजन बदलत नाही; मतदानानंतर कोणाचे ऐकले जाते, ते मात्र बदलते. पुण्याच्या कारभारात हे स्पष्ट दिसते.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चायचे ठरवले. ३२ सरकारनियुक्त सदस्यांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या गरिबांच्या हाती मत देणारा प्रौढ मताधिकार पुढे स्वातंत्र्यानंतर आला.

२००६ पासून पुणेकरांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात. योजना मोलाची आहे. पण अर्जाची मुदत लक्षात ठेवणे, पाठपुरावा करणे हे सोसायटीच्या समितीला जितके सहज जमते, तितके चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला जमत नाही. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतही क्षेत्रविकासासाठी नागरिकांची मते मागवून निवड झाली ती औंध-बाणेर-बालेवाडी या सुस्थित भागाची. योजना राबवायला स्वतंत्र कंपनी आली आणि सभागृहाकडचे काही निर्णय तिच्या संचालक मंडळाकडे गेले.

याहून मोठे नुकसान नंतर झाले. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटना सांगते. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत पुण्यावर निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेला प्रशासकच होता. नळाला पाणी आले नाही तर मोठी सोसायटी टँकर मागवते. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत टँकरचा खर्च परवडत नाही. तिथला माणूस नगरसेवकाचे कार्यालय गाठतो. तुंबलेले गटार, दाखला, शाळाप्रवेश, सगळ्याला तोच दरवाजा. मतांसाठी पुन्हा वस्तीत यावे लागणार, ही नगरसेवकाला असलेली धास्ती प्रशासकाला नसते. म्हणून निवडणूक लांबली की सर्वांत जास्त गमावतो तो गरीबच.

संघटना असली की चित्र थोडे बदलते. १९९३ मध्ये कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावरून हाकलल्या जाणाऱ्या बायका करारातल्या पक्षकार झाल्या. मात्र कराराची मुदत संपत आली की हे काम ठेकेदाराला देण्याची भाषा सुरू होते आणि त्यांना पुन्हा महापालिकेसमोर उभे राहावे लागते.