थुंकीतला रक्तगट

लेकरांनो, आपल्या धाराशिवकडच्या म्हाताऱ्या गोधडी शिवायला बसल्या की दोऱ्याचं टोक आधी जिभेला लावतात, मग डोळे बारीक करून सुईत ओवतात, आणि त्यांच्या ध्यानीमनीही नसतं की त्या ओल्या टोकाला आपला रक्तगट चिकटला! रक्त तर निघालं नाही, मग गट कुठून आला? तर तांबड्या पेशींवर बसून ए, बी की ओ हे ठरवणारी जी साखर, तीच शंभरातल्या साधारण ऐंशी जणांच्या लाळेतही उतरते. ती ओळखायची रीत मजेची आहे. लाळ उकळायची, गाळ काढून वरचं पाणी ए-विरोधी सीरममध्ये मिसळायचं, मग त्यात ए गटाच्या पेशी सोडायच्या. एरवी त्यांच्या गुठळ्या होतात, त्या झाल्या नाहीत तर लाळेतल्या ए-नं सीरमला आधीच गुंतवून ठेवलं म्हणायचं.

या साखरेच्या बुडाशी एच नावाची खुंटी असते. ए आणि बी ही पागोटी तिलाच अडकतात, ओ गटाची खुंटी मोकळी राहते. पण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली की खुंटीच गायब, ना रक्तात, ना लाळेत! ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि जगभर या गटाला बॉम्बे हेच नाव पडलं. साध्या तपासणीत हा माणूस ओ वाटतो, पण त्याला ओ-चं रक्त चढवलं तर अंगातली एच-विरोधी प्रतिपिंडं त्यावर तुटून पडतात. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

त्याहून गंमत पुढंच आहे. रक्तातली आणि लाळेतली खुंटी ठोकणारी जनुकं निरनिराळी असतात, त्यामुळं कुणाची रक्तातली खुंटी गेलेली पण लाळेतली शाबूत, असंही घडतं. तेव्हा रक्त ओ म्हणत बसतं आणि थुंकी मात्र खरा ए किंवा बी सांगून मोकळी होते.

बॉम्बे गटासाठी बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, म्हणून भारतात दहा हजारांत एखादाच सापडतो. आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत, अन् नात्यातल्या लग्नात असे दोन बिघाड एकत्र यायची शक्यता वाढते. म्हणून घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला तर त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचं रक्त लगोलग तपासून घ्या. प्रत्येकाचा तोच गट निघायची शक्यता बहुधा चारात एक असते, आणि अडीनडीला तेच रक्त कामी येतं.