आडनाव पेण, नाव कोणते?

कोकणात माणसाचे आडनाव पुष्कळदा गावावरून पडते. पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर. आडनावावरून मूळ गाव कळते, पण घरातल्या नेमक्या माणसाला हाक मारायची तर नावच लागते. पेण-रोहा पट्ट्यातले छोटे उद्योजक आपल्या मालाच्या बाबतीत नेमके हेच विसरतात. पेणचे पोहे, पेणचे पापड, पेणची गणेशमूर्ती, रोह्याकडचे कडवे वाल ही सगळी मालाची आडनावे झाली. गिऱ्हाईक एका घरचे पापड खाऊन खूश झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले, तर त्याला आठवते ते फक्त गाव. मग ते जे पहिले दुकान दिसेल तिथून ‘पेणचे पापड’ घेऊन जाते. चव एका घराने कमावलेली असते आणि विक्री दुसऱ्याची होते. म्हणून गावाचे नाव मालावर जरूर असावे, पण आडनावाच्या जागी. त्याच्या आधी मालाचे स्वतःचे नाव हवे, असे माझे ठाम मत आहे.

कायदाही याच अंगाने विचार करतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ नुसार, नुसता मालाचा प्रकार, गुण किंवा उगमाचे ठिकाण सांगणारे नाव सहसा कुणा एकाच्या नावे नोंदवता येत नाही. दीर्घ वापराने ते नाव एकाच व्यवसायाची ओळख बनले असेल, तरच अपवाद होतो. ‘उत्तम पेण पोहे’ असे छापणाऱ्याला शेजारच्या गिरणीने तेच छापले तर अडवणे म्हणूनच कठीण जाते. पेणच्या गणेशमूर्तीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेकडो कारखान्यांच्या आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या कारागिरांच्या मेहनतीचा तो यथोचित मान आहे. पण मानांकन ही समाईक मिळकत असते. बाहेरच्या मालावर पेणचे नाव चिकटवले जाऊ नये, एवढी राखण ते करते. डोळ्यांची आखणी अमुक कारखान्याचीच सुरेख असते, हे गिऱ्हाइकाला ते सांगू शकत नाही. नुसत्या गावाच्या नावात आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. रोमन लिपीत लिहिले की ‘पेण’चे ‘पेन’ होते, आणि मोबाइलवर शोधणाऱ्या परगावच्या माणसासमोर लेखण्या येऊन पडतात.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. गावाच्या नावावर माल आपोआप खपतो. नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला पैसा कुठून आणायचा? याचे उत्तर पापडाच्याच धंद्यात सापडते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे १९६२ मध्ये त्यांनी नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस होते ५ रुपये, आणि त्यातून ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. शब्द छोटा, ऐकताच चवीची आठवण देणारा, मराठी-गुजराती-हिंदी कुणाच्याही जिभेवर न अडणारा. त्यात गिरगाव नाही, पापड हा शब्दही नाही. मालाचा दर्जा टिकला म्हणून नाव मोठे झाले हे खरेच. पण त्या दर्जाचे श्रेय साठायला एक जागा लागते, आणि ती जागा नावाने दिली.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. मूर्तीच्या कारखान्याला गणेशाचे नाव द्यायचे नाही तर कुणाचे? भावना समजण्यासारखी आहे. मात्र ‘श्री गणेश कला केंद्र’ या धर्तीची नावे एकाच रस्त्यावर दोन-तीन असली की पत्ता सांगतानाही गोंधळ होतो. पवित्र नावावर एकट्याचा हक्क सांगणेही अवघड असते. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसारख्या मालासाठी स्वतःकडे राखू पाहणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. देवाचे नाव फलकाच्या माथ्यावर असावे, आणि खाली कारखान्याचे स्वतःचे. त्यासाठी घराण्याचे आडनावही चालते. बेडेकर, चितळे ही नावे आडनावेच आहेत. मालाला ते घर उत्तर देते म्हणून ती चालली.

सेवांच्या बाबतीत तर ही गरज अधिक तीव्र आहे, कारण तिथे हातात घेऊन पारखायला वस्तूच नसते. रोहा तालुक्यातल्या कोलाडला भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेत राफ्टिंग चालते. नदी एक, पाणी एक, वेळही जवळपास तीच. फरक असतो तो राफ्ट वल्हवणाऱ्या मार्गदर्शकाच्या अनुभवात आणि सुरक्षेच्या काळजीत. अशा ठिकाणी ‘कोलाड’, ‘कुंडलिका’, ‘रिव्हर’, ‘कॅम्प’ हेच शब्द उलटसुलट जोडून नाव केले, तर काळजी घेणारा आणि न घेणारा पर्यटकाला सारखेच दिसतात. एकाच्या निष्काळजीपणाची बदनामी सगळ्यांच्या वाट्याला येते.

मग नाव शोधायचे कुठे? इंग्रजी शब्दांकडे धावायची गरज नाही. मालाशी जडलेले शब्द इथल्या बोलीतच आहेत: उखळ, मुसळ, खळे, आगर, पोपटी. पारख सोपी आहे. नाव फोनवर एकदाच सांगावे. ऐकणाऱ्याने ते न विचारता बरोबर लिहिले तर ते चांगले. ळ आणि ण असलेली नावे गोड असतात, पण रोमन लिपीत ‘कमळ’चे ‘कमल’ होते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

व्यापारचिन्हाच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी मालाच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षे चालते, नंतर वाढवता येते. पुढच्या हंगामाची पाकिटे छापायला देण्याआधी पेण-रोह्याच्या प्रत्येक गिरणीने, कारखान्याने आणि बचत गटाने एक संध्याकाळ नावासाठी राखून ठेवावी.