पाच रुपयांचं पाकीट किलोनं किती पडतं?

मैत्रिणींनो, बाजाराच्या दिवशी तेल-मीठ-डाळ पिशवीत पडली की शेवटी दुकानात लटकलेल्या माळेतून दोन-चार खाऊची पाकिटं तोडून घेतली जातात. पोरं वाट बघत असतात. पाच रुपयांनी काय होतंय, असं वाटतं. आज तो हिशोबच करू या. गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया लिहितो, मग इथं का सोडायचा?

पाकिटाच्या मागे निव्वळ वजन छापलेलं असतं. समजा 5 रुपयांच्या पाकिटात 20 ग्रॅम माल आहे. म्हणजे किलोला 250 रुपये झाले! आता त्याच दुकानात फुटाण्याचा भाव विचारा. कुरकुरीत पाकिटात असतं मक्याचं नाहीतर तांदळाचं पीठ, तेल आणि मीठ. फुटाण्यात 100 ग्रॅममागे साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25 च्या आसपास. पोटाला आधार राहतो तो त्यामुळे. पाकीट खाल्लेलं पोरगं जेवायला बसलं की दोन घासांत उठतं, हे आपण बघतोच.

बिस्किटाचा पुडा घेताना पुढचं चित्र बघू नका, मागे वळवा. अक्षर बारीक आणि बहुतेक इंग्रजीत असतं, तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. जो पदार्थ सगळ्यात जास्त, त्याचं नाव आधी लिहायचं असा नियम आहे. पुढे गव्हाची ओंबी आणि मागे पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं, असे पुडे पुष्कळ सापडतील. 100 ग्रॅममध्ये साखर 25 ग्रॅम लिहिली असेल, तर पुड्याचा पाव भाग साखरच आहे.

मग घ्यायचं काय? फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे. मटकी-हरभरा भिजवून मोड आणा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. त्यावर लगेच चहा पिऊ नका, चहा ते लोह अडवतो. हंगामात पेरू, बोरं, चिंचा आहेतच. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की चांगली, पण गूळ म्हणजेही साखरच. एखादा लाडू पुरे. घरात कुणाला शुगर असेल तर तोही जपूनच. खाऱ्या दाण्यांपेक्षा साधे भाजलेले बरे. खवट, काळपट किंवा बुरशी आलेला दाणा मात्र निवडून टाकाच, भाजला तरी त्यातलं विष जात नाही.

आणि एक, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून भाकरीबरोबर नाहीतर लाडवात द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक रिकामं पाकीट आणा. किलोचा भाव तिथंच काढू.