वर्दीवरचे आडनाव

बीड : पोलीस ठाण्यात फिर्याद घेऊन आलेल्या माणसाची नजर प्रथम कोठे जाते? आपल्याकडे ती बहुधा ठाणे अंमलदाराच्या छातीवरील नावाच्या पट्टीवर जाते. आडनाव वाचले की जात कळते आणि आपले म्हणणे कितपत ऐकले जाईल, याचा अंदाज फिर्यादी मनातल्या मनात बांधून मोकळा होतो.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील मराठा-वंजारी तेढ अधिकच वाढली. पोलीस दलात कोणत्या समाजाचे किती जण आहेत, याची मोजदाद जाहीरपणे होऊ लागली. याच सुमारास पोलीस अधीक्षकपदी आलेल्या नवनीत काँवत यांनी २०२५च्या प्रारंभी एक वेगळा निर्णय घेतला. कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी, असे ठरले आणि पट्ट्यांवरून आडनावे गेली.

परदेशात ही पट्टी वेगळ्या कारणाने आली. लंडनमध्ये १८२९मध्ये रॉबर्ट पील यांनी पोलीस दल उभारले, तेव्हा शिपायाच्या कॉलरवर क्रमांक असे. गैरवर्तन करणारा शिपाई नागरिकाला ओळखता यावा, हा त्याचा उपयोग. बर्लिनमध्ये २०११पासून पोलिसाला नाव किंवा क्रमांक यांपैकी एक लावावाच लागतो. फ्रान्सने २०१४पासून सात अंकी क्रमांक सक्तीचा केला.

बीडला अधिक जवळचा दाखला उत्तर आयर्लंडचा. तेथे नावावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे पुष्कळदा ओळखू येते. जुन्या पोलीस दलात कॅथलिक जेमतेम आठ टक्के होते. १९९९च्या पॅटन अहवालाने भरतीला हात घातला. २००१मध्ये नवे दल स्थापन झाले आणि पुढील दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून करण्यात आली. २०११मध्ये ही पद्धत थांबली, तोवर त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. पट्टी बदलण्यापेक्षा हा मार्ग अर्थातच लांबचा आणि कटकटीचा होता.

गंमत अशी, की १८६१चा आपला पोलीस कायदाही आयरिश पोलिसांच्याच धर्तीवर बेतलेला. त्या दलात शिपायाला स्वतःच्या परगण्यात नेमणूक मिळत नसे. महाराष्ट्रात मात्र शिपायांची भरती जिल्हावार होते आणि नोकरीही बहुतांशी त्याच जिल्ह्यात जाते. त्यामुळे पट्टीवरून आडनाव गेले तरी गाव, सोयरीक आणि पाहुणेरावळे सर्वांना ठाऊक असतातच. गावचा पोलीस पाटील तर गावातलाच. शिवाय पहिले नाव धर्म लपवीत नाही. मुसलमान अंमलदाराला या प्रयोगाचा उपयोग थोडाच.

एक अडचण व्यवहाराची आहे. एकाच नावाचे दोघे-तिघे एका ठाण्यात सहज सापडतात. त्यांपैकी कोणाविरुद्ध तक्रार करायची झाल्यास नागरिकाच्या हाती खात्रीची खूण एकच उरते, ती म्हणजे बक्कल नंबर. नावाच्या पट्टीवर तो ठळक आकड्यांत छापल्यास वेगळा खर्चही फारसा येणार नाही.