अमेरिकन बोंडअळी अमेरिकेची नव्हेच!

मॉरिसव्हिलच्या आठवडी बाजारातून आणलेलं मक्याचं कणीस सोललं की टोकाशी एखादी जाडजूड अळी निघते. नॉर्थ कॅरोलायनाच्या उन्हाळ्यात हे नेहमीचंच. विदर्भ-मराठवाड्यात हरभरा, कापूस पाहिलेल्या कुणालाही वाटेल, ही तर आपली घाटेअळी! पण ती नव्हे. इथली हेलिकोव्हर्पा झिआ, आपली हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. गंमत म्हणजे आपण जिला ‘अमेरिकन बोंडअळी’ म्हणतो ती हीच आर्मिजेरा, आणि ती मूळची अमेरिकेबाहेरची. ती ब्राझीलमध्ये पोहोचल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या सापळ्यांतही तिचे पतंग सापडले.

इथल्या शेतकऱ्याला याची धास्ती वाटते, कारण आर्मिजेरा पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना अनेक ठिकाणी दाद देत नाही. झिआ समजून फवारलं आणि शेतात आर्मिजेरा असली, तर पैसेही गेले आणि पीकही.

पण ओळखायचं कसं? कामगंध सापळ्यातल्या एकाच गंधाला दोन्ही जातींचे नर येतात. पतंग दिसायला सारखेच. खात्रीचा फरक फक्त जननेंद्रियांत, तोही बारीक. म्हणजे तज्ज्ञाने एकेक पतंग उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि सापळ्यात तर झिआची झुंबड!

इथे डीएनए कामी येतो. दोन्ही जातींच्या डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचा क्रम वेगळा असतो. कोविडमुळे घरोघरी पोहोचलेल्या पीसीआर चाचणीत फक्त आर्मिजेराच्या क्रमाला चिकटणारी खूण घातली, की तेवढीच उजळते. तरी हजार पतंगांच्या हजार चाचण्या कोण करणार?

२०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी यावर उपाय प्रसिद्ध केला. मला तो फार आवडतो. प्रत्येक पतंगाचा एकच पाय घ्यायचा, हजार पायांचा मिळून डीएनए काढायचा आणि ते द्रावण हजारो सूक्ष्म थेंबांत विभागायचं. प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र चाचणी. एकाच नळीत झिआच्या गर्दीत दबून गेला असता असा आर्मिजेराचा तुकडा आपल्या थेंबात एकटा चमकतो. ९९९ झिआंमधली एक आर्मिजेराही अशी सापडते.

एक मेख मात्र आहे. कीटकांची जात ठरवायला सर्रास वापरला जाणारा ‘बारकोड’ जनुक मायटोकाँड्रियातला असतो, म्हणजे फक्त आईकडून आलेला. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या नमुन्यांचे जीनोम वाचून या दोन जातींचा संकर झाल्याचं दाखवलं. अशा संकरित अळीची आई झिआ असेल, तर बारकोड तिला बिनदिक्कत झिआच म्हणेल. बापाकडून आलेली कीटकनाशक पचवण्याची ताकद पाहायची, तर केंद्रकातलीच जनुकं तपासावी लागतात.